एका हाताचा रंधा

परभणी,
रविवार, दुपार

प्रिय शंभू,

जय भीम आणि शरणार्थ, दोन्ही, आपल्या जुन्या सवयीप्रमाणे. हे पत्र महेश्वरीवहिनींच्या हाती देतोय. उद्या त्या अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला परभणीला येणार आहेत, तेव्हा हे पाकीट आणि एक खोकं त्यांच्याकडे सोपवीन. पण पत्र आधी वाच, खोकं नंतर उघड. ते ठेवायचं की उलट पावली माझ्याकडे धाडायचं, हे पत्र संपल्यावर ठरव. वजनावरून आत काय आहे ते तुला कळेलच, आणि कळलं की कपाळाला आठी पडेल हेही मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी तू तुझी सगळी हत्यारं एका पोत्यात भरून माझ्याकडे पाठवलीस आणि विकून टाक म्हणालास. मी विकली नाहीत. दरवर्षी पावसाळ्याआधी तेल लावून ठेवतो. पण आज पाठवतोय ते त्यातलं नाही, नवं आहे.

अर्ध्या-पाऊण तासाची वाट, उठून का आला नाहीस, असं तू म्हणशील. आलो होतो रे. या तीन वर्षांत सात वेळा बोरीला आलो. दरवेळी अप्पांच्या किराणा दुकानात तेलाच्या डब्यावर बसलो, तू चहा मागवलास, आपण सोयाबीनच्या भावावर आणि माझ्या पोरीच्या दहावीवर बोललो आणि मी उठलो. एकदा तर शब्द अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात एक बाई पावशेर साखर मागायला आली. तू साखर तोललीस, पुडी बांधलीस, पुन्हा सोडलीस, पुन्हा तोललीस. ते बघून माझं अवसानच गेलं. समोर बसून जे जमत नाही ते कागदावर जमतंय का बघतो. अक्षर आयटीआयत होतं तसंच आहे, कोंबडी शाईत नाचल्यासारखं, तेवढं सांभाळून घे.

आता रंध्याचं सांगतो. हसू नकोस, पण चार महिने मी एका ब्लॉक प्लेनच्या मागे लागलोय. आपला नेहमीचा मोठा रंधा दोन हातांचा. मागचा हात ढकलतो, पुढचा मुठीवर दाब देतो. तुझ्या डाव्या हाताला अंगठा तेवढा राहिला, म्हणजे रंधा तुझ्यापुरता संपला, असं तू धरून चाललास आणि मीही. पण हा तळहातात मावणारा छोटा रंधा एका हाताचाच असतो. त्याची पाठ तळव्यात बसते, पहिलं बोट पुढच्या खळग्यात, झालं. आयटीआयत आपण त्याला हात लावायचो नाही. सिताराम सर सांगायचे, मोठ्या रंध्याने फळी सरळ होते, पण दार लागतं ते या छोट्यामुळे. आपल्याला तेव्हा फळ्या सरळ करण्यातच मर्दुमकी वाटायची. सर गेल्या वर्षी वारले, तुला कळलं असेलच. त्यांचं म्हणणं मला चाळिशी उलटल्यावर पटलं.

आधी स्टेशन रोडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने एक काढून दिला, आहेरात आलेल्या तांब्यासारखा चकचकीत. मी तो उलटा केला, तळावर गुण्याची पट्टी आडवी धरली आणि दारातल्या उजेडाकडे बघितलं. पट्टीखालून उजेड आरपार. तळ मधोमध खोलगट होता, म्हणजे पातं लाकडाला लागायच्या आधी रंध्याची दोन टोकंच टेकणार. दुकानदार म्हणाला, "आवो, घासून घ्या की मिस्त्री, समदेच घासत्यात." खरं आहे, आपणही घासूनच घ्यायचो. काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा आणि दोन्ही हातांनी तासभर घासत बसायचं. पण दोन्ही हातांनीच ना. म्हणून पहिली अट तिथेच ठरली, तळ दुकानातूनच सपाट यायला हवा. दुसरा रंधा नांदेडहून मागवला. त्याचा तळ चांगला होता, पण पातं पुढे घ्यायचा स्क्रू अर्धा फेरा नुसताच फिरायचा आणि मग एकदम पातं बाहेर. अशा स्क्रूने बारीक सालपट निघत नाही, माणूस वैतागतो. तिसऱ्याची पातं दाबून धरणारी टोपी आवळायची तर एका हाताने रंधा धरायचा आणि दुसऱ्याने पिळायचं. तोही परत केला. परत घेणारा मला येडा म्हणाला असेल. म्हणू दे.

खोक्यात आहे तो चौथा. हातात घेतलास की आधी जड वाटेल. जडच हवा, दाब द्यायला दुसरा हात नसला की वजनाची मदत होते. पातं जाड आहे आणि बरंचसं आडवं निजवून बसवलंय, त्यामुळे फळीच्या कापलेल्या टोकावरसुद्धा चिरफळ्या न काढता चालतं. पात्यापुढची फट कमीजास्त करता येते. सागवानाला बारीक ठेव, घाईत ढोबळ काम असलं तर मोकळी कर. टोपीला खटका आहे, अंगठ्याने दाबला की बसते. पातं पुढेमागे करायचं चाक मागच्या बाजूला आहे आणि रंधा खाली न ठेवता त्याच हाताच्या बोटाने फिरतं. मी तर म्हणतो निम्मी पारख त्या चाकातच आहे. पोलादही बरं निघालं. कडुलिंबाच्या गाठीवरून किती वेळा फिरवला, धार हलली नाही. तळाच्या कडा जरा बोचतात, त्या मी पॉलिश पेपरने मारल्यात, तेवढं एक काम माझ्या दोन हातांचं.

बाकी काहीच मी दोन हातांनी ठरवलेलं नाही. रोज संध्याकाळी दुकान झाडून झालं की आमची ही, सुकेशनी, माझ्या डाव्या हाताची चार बोटं गमच्याने करकचून बांधायची, अंगठा तेवढा मोकळा. मग मी रंधा मारायचो. पहिले आठ दिवस फळी कुठे अन् मी कुठे. एकदा फळी सुटून थेट पाण्याच्या माठावर गेली, आणि सुकेशनी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगून हसत होती. मग टेबलाच्या कडेला एक ठोकळा ठोकला, फळी त्याला टेकवली, अंगठ्याने खाली दाबली आणि मागून कंबर लावली. हळूहळू जमलं. धार लावायला लाकडाची एक खाच केलीय, पातं त्यात बसतं आणि कोन ढळत नाही, तीही खोक्यात आहे. आता मी बांधल्या हाताने ड्रॉवर बसवतो, कागद सरकेल एवढ्याच फटीचा. मला जमतंय म्हणजे तुला माझ्याहून चांगलं जमणार, यात शंका नाही. हे कळायला चार महिने गेले. आणि त्याच चार महिन्यांत मला हेही कळून चुकलं की मी भलत्याच जागी दुरुस्ती करत बसलोय.

तुला पिंगळीचं दार आठवतं का? आपलं पहिलं काम. तू दुकानदाराचा, मी मास्तराचा, दोघांच्याही घरात कुणी कधी करवत धरली नव्हती. अप्पा म्हणायचे, "तराजू सोडून करवत धरतो का रं?" आणि आमचे लिंबाजी मास्तर मी कारकून व्हावं म्हणून नोकऱ्यांचे फॉर्म आणून उशाशी ठेवायचे. पिंगळीचा घरमालक तर दाराशी खुर्ची टाकून पहारा देत होता, ही दोन पोरं लाकूड वाया घालवणार म्हणून. मी चौकट तीनदा मोजली आणि तरी दार वरच्या कोपऱ्यात घासलं. तू एकदाच मोजायचास. सरांकडून मागून आणलेला छोटा रंधा घेऊन तू त्या कोपऱ्यावर मोजून पाच वेळा फिरवलास, दार लोटलंस आणि पाणी प्यायला निघून गेलास. लागलं का, ते वळून बघितलंही नाहीस. मीच मागे थांबून दहा वेळा उघडझाप केली. लागलं होतं. तुझा तो निर्धास्तपणा बघून मला रागही यायचा आणि हेवाही वाटायचा. पंधरा वर्षं आपलं दुकान चाललं ते त्या निर्धास्तपणावर. हे मी तोंडावर कधी म्हणालो नाही, माझंच चुकलं.

तोच तू आता किराणा दुकानाला कुलूप लावून निम्म्या वाटेवरून परत येतोस, ओढून बघायला. गॅस बंद आहे का ते जेवणानंतर चार वेळा बघतोस. राजेश्रीला, पोटच्या पोरीला, मोटारसायकलवर मागे बसवत नाहीस, ती मामाच्या गाडीवर शाळेत जाते. गेल्या महिन्यात वहिनी दुकानात आल्या तेव्हा हे सगळं सांगितलं. कुरकूर नव्हती त्यांच्या बोलण्यात, थकल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा सोताच्याच डोक्यावर भरवसा राह्यला न्हाई. म्हणत्यात, एखादी गोष्ट मला चांगली आठवायलीय ना, तवाच मी चुकलेला आसतो." मी त्यांना पाणी दिलं. तोवर मी समजत होतो की बोटं गेली म्हणून तू हत्यारं टाकलीस, आणि हाताला जमेल असा रंधा सापडला की तू परत येशील. वहिनी गेल्यावर रंधा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

आणि गंमत बघ, तुझ्या घरात माझा केवढा मान. नागुमाय दर उन्हाळ्यात कुरडयांची पिशवी पाठवतात, "धम्मपालनं माझ्या लेकासाठी दवाखान्यात आठ दिवस काढले" म्हणून. अप्पा गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देतात, "ह्यो आमच्या शंभूचा जिवाचा दोस्त." तू मान डोलावतोस. मी तेलाच्या डब्यावर बसून ते ऐकतो. कुरडया मी घरी आणतो, पोरं तळून खातात, मी एकही तोंडात घातली नाही. आपल्या दुकानात मी नवा स्टार्टर बसवला, लाइट गेली की आपोआप बंद पडणारा, लाइट आली तरी पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. लोक म्हणाले, मिस्त्री शहाणा झाला. पाटीवर अजून दोघांचीही नावं आहेत.

त्या दिवसाबद्दल तू सगळ्यांना काय सांगितलंस ते मला पाठ आहे. एप्रिल होता, शाळेच्या बाकांचं काम होतं. तू रंधा मशीनवर बाकांचे पाय काढत होतास. वहिनींचा फोन आला, राजेश्रीला ताप होता, दुकानात रेंज येईना म्हणून तू रस्ता ओलांडून चौकापलीकडच्या चहाच्या टपरीकडे गेलास. तू तिकडे असतानाच लाइट गेली. परत आल्यावर तुला वाटलं, लाइट नाही तोवर पात्यांमध्ये अडकलेला भुसा काढून घ्यावा. हात घातलास आणि लाइट आली. मशीनवरून बाजूला होताना बटण बंद करायचं, लाइट असो नसो, शेवटचा हात ज्याचा त्याची जबाबदारी, हा आपल्या दुकानाचा कायदा तूच केलेला. रिक्षात तुझा हात मी टॉवेलात धरून बसलो होतो. तू म्हणालास, "धम्मा, मी बटण बंद केलं व्हतं रे. चांगलं आठवायलंय. मंग चालू कसं ऱ्हायलं?" मी टॉवेल आणखी आवळून धरला. दवाखाना यायच्या आत तू स्वतःच म्हणालास, "मीच इसरलो आसंल." मग अप्पांना तेच सांगितलंस, वहिनींना तेच. नागुमाय बाकड्यावर बसून रडत रडत आपल्याच लेकाला बोल लावत होत्या, एवढं कसं ध्यान नव्हतं तुझं म्हणून. मी बाजूलाच उभा होतो. मी म्हणालो, चूक कुणाच्याही हातून होते. माझ्या तोंडून आयुष्यात एवढं घाणेरडं वाक्य दुसरं निघालं नसेल.

पंधरा दिवसांपूर्वी गमचा बांधता बांधता सुकेशनीने विचारलं, एवढं कशासाठी जीव काढता. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. तिने गमचा सोडला, घडी केली आणि मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "रंधा धाडून भागंल व्हय? त्यांचं गेलंय ते तुमच्यापाशी हाय." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

म्हणून हे पत्र. तू टपरीकडे गेलास तेव्हा मी मागच्या अंगणात पॉलिश मारत होतो. तू दिसला नाहीस म्हणून आत आलो. माझ्या घरच्या पाटाला लावायची हातभर पट्टी होती, दुकानाच्या वेळेत स्वतःचं काम, तुझ्यासमोर करायची लाज वाटत होती. मशीन चालू केलं, पट्टी निम्मी गेली आणि लाइट गेली. मशीन थांबलं. मी पट्टी ओढून घेतली, काखेत मारली आणि बटण तसंच ठेवून अंगणात गेलो. शेवटचा हात माझा होता, शंभू. रिक्षात तू विचारत होतास तेव्हाच मला ते कळलं होतं. सांगितलं तर दोस्ती जाईल, दुकान जाईल, या भीतीने पहिला दिवस गप्प राहिलो, मग आठवडा, आणि नंतर सांगायला तोंडच उरलं नाही. तुझी बोटं मला परत देता येणार नाहीत. माफी मागायची लायकी नाही, तरी मागतो. गुरुवारी सकाळी मी बोरीला येतोय. अप्पा आणि नागुमायसमोर, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी, हेच सगळं तोंडाने सांगणार आहे. मग तू मला हाताला धरून बाहेर काढलंस तरी मी जाईन. पण गुरुवारपर्यंत थांबायला नको असं एकच सांगायचं आहे, ते आजच ऐक. तुझं ध्यान सुटलं नव्हतं. तुला जे आठवत होतं ते खरं होतं. फोन घ्यायला जाताना तू बटण बंद केलं होतंस. मी आत आलो तेव्हा ते बंदच होतं, मी माझ्या हाताने चालू केलं.

तुझाच,
धम्मपाल